आठव्या बॅचचा हात

"सातव्या बॅचची एखादी मुलगी मोकळी आहे का हो?" असा फोन पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मेट्रनचा आला, की तो मीच घ्यायचे. "चौकशी करून सांगते," असं मऊ आवाजात म्हणायचे आणि चौकशी करायचे नाही.

वाईच्या आमच्या नर्सिंग कॉलेजातून दरवर्षी पन्नासेक मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. मागणी मात्र सातव्या बॅचला. आणि त्या बॅचचा फाउंडेशनचा विषय, म्हणजे रोग्याला हात कसा लावायचा इथपासूनचं पहिलं शिक्षण, रूथ वाघचौरेनं घेतलं होतं.

रूथ अहिल्यानगरकडची. दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, एम.एस्सी. झालेली नव्हती, साधी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. मोठ्यानं बोलणार, त्याहून मोठ्यानं हसणार. वॉर्डात शिरली की कोपऱ्यातल्या खाटेपर्यंत कळायचं. "आजी, आता हात लावते हं. गार आहे हात, शिव्या द्यायच्या तर आत्ताच देऊन घ्या!" आणि आजी खरंच एखादी शिवी हासडायच्या, दोघी हसायच्या, तेवढ्यात सुई आत गेलेली असायची. मला ते उथळ वाटायचं. वॉर्ड म्हणजे काय जत्रा आहे?

मी विदुला फणसळकर. तीस वर्षं याच कॉलेजात, पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधीपासून. माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नाही, असं मुली म्हणतात. पहाटे घाटावरच्या गणपतीला एकवीस दूर्वा, पूजा होईपर्यंत मौन, गुरुवारी उपास. या गोष्टींत कधी खंड पडू दिला नाही. माझ्या वाढदिवसाला मुली शाल आणि नारळ द्यायच्या, ओळीनं नमस्कार करायच्या. रूथच्या वाढदिवसाला तिच्या तोंडाला केक फासायच्या. मला मॅडम, तिला रूथताई. डब्यातली थालीपिठं तिच्यासाठी राखून ठेवलेली असायची. मी कांदा-लसूण खात नाही, हे खरं. पण मला कुणी कधी विचारलंही नाही, हेही खरं.

असल्या क्षुल्लक गोष्टी माणूस मोजतो का? मोजतो. मी मोजत होते.

यंदा आमच्या पदवी अभ्यासक्रमाचं मूल्यमापन होतं. पूर्वी समिती यायची म्हणजे भिंतींना रंग, दारात रांगोळी, रंगीत फितींच्या फाइली आणि दुपारी श्रीखंड-पुरी. ग्रंथालयातली पुस्तकं मोजायची, दोन मुलींना प्रश्न विचारायचे, शेरा लिहून निघायचं. 'मागोवा' आला आणि ते सगळं बंद पडलं.

हाताला स्मृती असते, हे जुनंच ज्ञान. नवीन कळलं ते असं: एखादी कृती आपण पहिल्यांदा शिकतो तेव्हा मेंदू नुसती कृती उचलत नाही, शिकवणाऱ्याचं कालमानही उचलतो. कुठे वेग, कुठे थांबा, दाब किती आणि केव्हा. पहिल्या काही आठवड्यांत ते घट्ट बसतं. पुढे हात कितीही सराईत झाला तरी खालचा ठेका तोच राहतो. गाणाऱ्याच्या पहिल्या चार आलापांत जाणकाराला गुरू ऐकू येतो ना, तसं.

मागोवा म्हणजे घड्याळाच्या पट्ट्याखाली बसेल अशी एक पातळ पट्टी. स्नायूंमधले विजेचे बारीक प्रवाह आणि मनगटाची हालचाल ती सेकंदाला हजार वेळा टिपते. रोग्याच्या बोटाला चिमटा असतोच. तो नाडी सांगतो, त्वचेचा ओलावा सांगतो. माणूस घाबरला की त्याला स्वतःला कळायच्या आत तळवा ओला होतो. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, की नर्सच्या कोणत्या हालचालीला रोग्याचं शरीर काय म्हणालं ते दिसतं. एकेका बॅचच्या सगळ्या मुलींचे हात एकावर एक ठेवले, की त्यांच्यातून एक समाईक हात निघतो. तो शिकवणाऱ्याचा.

शिक्षकाच्या स्वतःच्या मनगटाला मात्र पट्टी बांधत नाहीत. वयानं, संधिवातानं तो हात बदललेला असतो. कोणत्या बॅचला कुणी शिकवलं, हे कॉलेजच्या कागदांवरून घेतात.

समितीनं आमच्या दोनच बॅच निवडल्या, पाच वर्षं नोकरी पूर्ण झालेल्या. सातवी आणि आठवी. जिचा हात सरस ठरेल तिच्यावरून 'शिकवता मोजा' तयार होणार होता. नवशिक्या मुलीनं तो हातात घातला, की मोजा तिची बोटं त्या ठेक्यात नेतो. राज्यातल्या सगळ्या नर्सिंग कॉलेजांत तो जाणार, आणि त्याच्यावर शिक्षिकेचं नाव असणार. मला निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. तीस वर्षांनंतर माझ्या मागे उरणार काय, तर स्टाफरूममधली उशी बांधलेली खुर्ची. मला तो मोजा हवा होता. इतकं काही मी देवाकडेही कधी मागितलं नव्हतं.

आणि कागद भरायचं काम माझ्याकडेच होतं.

इथे आमच्या कॉलेजातली एक रीत सांगायला हवी. प्रत्येक मुलीचं एक लॉगबुक असतं. बिछाना घातला, ताप पाहिला, ड्रेसिंग केलं, की त्यापुढे शिकवणाऱ्या बाईंची सही. रोज कोण करतंय? वर्षाअखेरीस पन्नास वह्यांचा गठ्ठा एकदम पुढ्यात येतो आणि जी हाताशी असेल ती सह्या ठोकते. सातव्या बॅचच्या वर्षी मी पीएच.डी.त बुडालेली होते. शिकवलं सगळं रूथनं. पण तिला सहीचा अधिकार नव्हता, म्हणून सह्या माझ्या. पुढच्या वर्षी रूथ एम.एस्सी. झाली. आठवी बॅच पहिल्या दिवसापासून मी शिकवली. पण सह्यांच्या वेळी मी तीन आठवडे नर्मदा परिक्रमेला गेले होते. ओंकारेश्वराहून रूथला फोन केला, "तेवढ्या सह्या करून टाक गं." तिनं केल्या.

समितीच्या नमुन्यात रकाना होता, 'लॉगबुकावर सही करणारी शिक्षिका'. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत, 'प्रत्यक्ष शिकवणारी व्यक्ती वेगळी असल्यास शेरा द्यावा.'

सातवी बॅच : वि. फणसळकर. आठवी बॅच : रू. वाघचौरे. शेऱ्याची जागा मी दोन्हीकडे कोरी ठेवली.

मी खोटं लिहिलं नाही. सह्या होत्या तशाच लिहिल्या. शिवाय एक घेतली तर एक दिलीही, असा हिशेब मी मनाशी केला. आठवी माझी होती, मी जीव ओतून शिकवली होती. वाईट कशाला असेल? दुसऱ्या नंबरवर येईल, रूथचंही भलं होईल. असं स्वतःशी म्हणत मी फाइल बंद केली आणि जपाला बसले. त्या दिवशी माळ तीनदा चुकली.

समिती आली तो गुरुवार होता.

"विदुलाताई, तुमची खिचडी वेगळी सांगितलीय," दोन वर्षांपूर्वी आलेल्या प्राचार्या निकम मॅडम दारातच म्हणाल्या. "आणि जरा हसा हो. तुमच्याच नावाचं काहीतरी होणार, असं कानावर आलंय."

समितीचे अध्यक्ष डॉ. मुजावर, मिरजेकडचे, पांढरी दाढी, तोलून बोलणारे. दिवाणखान्याएवढ्या त्या सभागृहात आम्ही मोजून आठ जण होतो. त्यांनी पडद्यावर पहिला हात दाखवला. धुरकट, निळसर, एकोणपन्नास मुलींचा मिळून एक हात. तो खाटेवरच्या आकृतीकडे गेला, अंगाला सहज टेकला, जणू आधीपासून तिथंच होता. खालची नाडीची रेघ हललीसुद्धा नाही.

"वीस वर्षं हे काम करतोय," डॉ. मुजावर म्हणाले. "असा हात पाहिला नाही. सातवी बॅच. फणसळकर मॅडम, अभिनंदन."

टाळ्या झाल्या. रूथ माझ्यासमोर बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि मी डोळे मिटून नमस्कार केला. लोकांना वाटलं विनय.

"आता आठवी."

दुसरा हात आला. तोही नेटका, मनगटापासून नखांपर्यंत स्वच्छ. आकृतीकडे गेला, आणि कातडीच्या दोन बोटं वर थांबला. अगदी क्षणभर. मग खाली टेकला. खालच्या रेघेनं उडी मारली.

त्यांनी ते पुन्हा दाखवलं, संथ गतीनं. हात आला, थांबला, टेकला. रेघ उडाली.

"सेकंदाचे चार दशांश," डॉ. मुजावर म्हणाले. "एक्कावन्नपैकी सत्तेचाळीस मुली. प्रत्येक स्पर्शाआधी. तुम्हाला-आम्हाला दिसत नाही, पण रोग्याच्या शरीराला कळतं. त्याला वाटतं, हिला मला शिवायचं नाहीये. भाजलेले, जखमा चिघळलेले, म्हातारे, यांच्यात तर नाडी पंधरा-वीसनं वाढते. या मुलींनी पाच वर्षांत किती लाख वेळा हात लावला असेल, तुम्हीच अंदाज करा." त्यांनी चष्मा काढला. "वाघचौरे मॅडम, वाईट वाटतं, पण शिफारस करावी लागेल. तुम्हाला फाउंडेशन शिकवता येणार नाही."

तो हात मी ओळखला होता. आपलं अक्षर आपल्याला लांबूनही कळतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एक भाजलेली बाई माझ्या हातांत गेली. त्या दिवशी मी एक व्रत घेतलं. यापुढे आजारी देहाला हात लावण्याआधी मनात एक ओळ म्हणायची आणि त्या देहातल्या देवाला नमस्कार करायचा. ओळ कोणती ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की व्रत मोडतं. तीस वर्षांत एकही स्पर्श त्या ओळीवाचून झाला नव्हता. म्हणायला किती वेळ लागतो? सेकंदाचे चार दशांश असेल.

मुलींनी थांबणं उचललं. थांबण्यात काय होतं ते त्यांना कोण सांगणार?

"सर, मी अशी थांबत नाही," रूथ म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मी इतका खाली ऐकला. "आणि आठवी बॅच मी शिकवलेलीच नाही. मॅडमनी शिकवली. सातवी माझी."

"सह्या तुमच्या आहेत, बाई."

"सह्या आहेत. मॅडमना विचारा ना!"

सगळे माझ्याकडे वळले. रूथला 'नाही' म्हणायला निघालेली निकम मॅडमची मान अर्ध्यात थांबली होती.

"फणसळकर मॅडम?"

"सह्या..." मी म्हणाले, "सह्या त्यांच्याच आहेत."

रूथ हसली. तिचं ते नेहमीचं हसणं नव्हतं. "वा, मॅडम," ती म्हणाली. "उपासाच्या दिवशी!"

डॉ. मुजावरांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. मी खिचडीला हात न लावता कॉलेजच्या आवाराला लागून असलेल्या आमच्या रुग्णालयात गेले. का गेले? मला ते खोटं आहे असं बघायचं होतं. यंत्राला नमस्कार काय कळतो, असं मी जिना चढताना पुटपुटत होते.

बायकांच्या वॉर्डात तिसऱ्या खाटेवर एक म्हातारी होती, मेणवलीची, पायाला मधुमेहाची जखम. "बघू हं, आजी," असं मी म्हणाले, पण माझा आवाज तिच्यापर्यंत गेला नसावा. हात पुढे केला, जखमेच्या वर नेला आणि ओळ म्हणायला सुरुवात केली.

ती ओळ म्हणताना माझ्या पापण्या आपोआप खाली येतात. तीस वर्षं येत होत्या. त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवले.

माझा हात तिच्या पायावर अधांतरी होता आणि म्हातारी त्या हाताकडे बघत होती. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच पाय मागे ओढला, पातळाचा काठ जखमेवर सारला आणि म्हणाली, "वास येतोय का वो? सकाळी धुतलाय पाय. घाण न्हाई ठिवत मी."

मी तिच्या देहातल्या देवाला नमस्कार करत होते, आणि ती बाई माझी क्षमा मागत होती. तीस वर्षांत अशी किती माणसं, माझ्या पापण्या मिटलेल्या असताना?

मी परत आले तेव्हा सभागृहात चहा फिरत होता. रूथ खिडकीशी पाठमोरी उभी होती.

"डॉक्टर," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मला आवाज चढवावा लागला, आणि तो फाटका निघाला. "डॉक्टर, आठवी बॅच माझी आहे. सातवी वाघचौरे मॅडमची. शेरा मी मुद्दाम कोरा ठेवला."

"विदुलाताई!" निकम मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पोटात काही नाही तुमच्या..."

"मला बरं वाटतंय."

डॉ. मुजावरांनी नमुना पुन्हा पुढे ओढला. "दुरुस्ती करता येईल. पण माहिती का दडवली, त्याचं कारण नमुन्यात द्यावं लागतं."

"देते."

"काय लिहाल?"

"मत्सर."

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. गैरसमज, कागद गहाळ, कर्मचाऱ्याची चूक. "तसा पर्याय नाही हो बाई यात," ते म्हणाले, आणि मग जरा मऊपणानं, "'इतर' मध्ये लिहा."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

बाहेर व्हरांड्यात रूथनं मला गाठलं. मी हात जोडले, तर तिनं ते धरून खाली केले.

"नको मॅडम. तुम्ही माफी मागितली की मला 'असू दे' म्हणावं लागेल, आणि मला म्हणायचं नाहीये. अर्धा तास मी तिथं उभी होते. घरी आईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. मला राग आलाय. आणि तो राहणार आहे."

"राहू दे," मी म्हणाले. मलाही सांगावंसं वाटलं, की तुझ्या हाताचा तो निळसर उजेड पाहिल्यावरही तो मोजा मला अजून तितकाच हवाय, कबुलीनं काही कमी झालेलं नाही. पण ते मी गिळलं.

"पण तुम्ही थांबता कशाला?" तिनं विचारलं. "किळस येत नाही तुम्हाला, हे मी दहा वर्षं बघतेय. मग काय करता त्या वेळात?"

"ते सांगता येत नाही."

"झालं तर मग," रूथ म्हणाली. "मुलींना तरी कसं कळणार?"

मोज्यावर तिचं नाव आलं. फाउंडेशन माझ्याकडून काढून घेतलं गेलं. समितीनं एक काम मात्र सुचवलं. आठव्या बॅचच्या त्या सत्तेचाळीस मुलींना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. थांबा कळला, तर प्रयत्नानं जाऊ शकतो. निकम मॅडम म्हणाल्या, पत्र पाठवू. मी म्हणाले, फोन करते, मीच.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून मौन सोडलं आणि यादी पुढे घेतली. पहिलं नाव ईश्वरी खुडे. आता नाशिकला, अतिदक्षता विभागात. माझी लाडकी होती. मी सगळं सांगितलं. पलीकडे ती हसली.

"मॅडम, ते होय! आम्हाला ठाऊक होतं. हॉस्टेलवर आम्ही नक्कल करायचो तुमची. 'फणसळकर स्टॉप' म्हणायचो आम्ही त्याला."

"मग... तुम्हाला काय वाटायचं त्याचं?"

"रागवाल."

"नाही रागवत."

"आम्हाला वाटायचं, तुम्हाला पेशंटला शिवायला नको वाटतं. तुमचं सोवळं-ओवळं, उपासतापास... म्हणून थांबता आणि मग मन घट्ट करून लावता." ती घाईघाईनं पुढे म्हणाली, "पण तरी लावता ना, म्हणून आम्हाला भारी वाटायचं, मॅडम! खरंच. मला पण पहिल्यांदा नको वाटायचं. म्हटलं, मॅडमना जमतं तर आपल्याला जमेल."

खिडकीबाहेर तुळशीला घातलेलं पाणी अजून मुरत होतं.

"मॅडम? आहात ना? मी थांबायचं सोडेन हो. पण इतकी सवय झालीय, तो क्षण मोकळा कसा सोडू? त्यात करू काय?"

माझी ओळ जिभेच्या टोकावर होती. सांगितली असती तर तिनं आयुष्यभर म्हटली असती, आणि हात तिथंच थांबला असता, दोन बोटं वर.

"बोलायचं," मी म्हणाले. "मोठ्यानं. 'आता हात लावते हं', असं सांगायचं, आणि सांगता सांगताच लावायचा. तोंडाकडे बघत."

"एवढंच? छान आहे. ही तुमची नवीन पद्धत का, मॅडम?"

हो म्हणता आलं असतं. नाशिकच्या पोरीला काय कळणार होतं.

"नाही," मी म्हणाले. "रूथ मॅडमची आहे."

हे शब्द मी त्या दिवशी सोळा वेळा म्हटले, दुसऱ्या दिवशी एकोणीस वेळा. तिसऱ्या दिवशी उरलेल्या बाराजणींना. शेवटच्या फोनलाही ते पहिल्याइतकेच जड गेले.